वळचणीतली पटाशी

फार फार मागे, गावांना वेशी होत्या आणि वेशींना लाकडी दरवाजे होते, त्या काळात घडलेली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मी ती थोड्या रागानेच सांगणार आहे, कारण शांतपणे सांगण्यासारखी ती नाही.

रानाच्या कडेला एक गाव होते. त्या गावात येसबा नावाचा सुतार राहत असे. त्याच्या हातात कसब होते. त्याने घडवलेल्या पाळण्यात मूल लवकर झोपते, असे बायका म्हणत. त्याने जोडलेली चौकट वीस पावसाळ्यांत हलत नसे.

घराच्या मागच्या पडवीत त्याचे काम चाले. पण त्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. रंधा लाकडाच्या किसात बुडालेला असे. करवत गोठ्यातल्या कडब्यावर सापडे. गिरमिट कुठे, गुण्या कुठे, हे खुद्द येसबाला ठाऊक नसे. काम संपले की हातातले हत्यार जिथे असेल तिथे पडे आणि त्यावर दुसऱ्या दिवशीच्या ढलप्या साचत.

एखादे हत्यार सापडले नाही की येसबा शोधत बसत नसे. बाजाराच्या दिवशी लोहाराकडे जाऊन दुसरे घेऊन येई. त्याबदल्यात लोहाराला कधी पाट, कधी खाट करून देई. असे करत त्याच्याकडे पाच रंधे आणि नऊ हातोड्या जमा झाल्या होत्या, आणि हवी तेव्हा एकही हाताशी नसे.

त्याची बायको ठकूबाई त्याला अनेकदा म्हणाली होती की भिंतीला खुंट्या ठोका, मी प्रत्येक वस्तू जागेवर लावून देते. तो म्हणे, हत्यारं माझी आहेत, पडवी माझी आहे, तू चूल सांभाळ.

आणि वस्तू हरवली की त्याला राग येई. तो राग स्वतःवर कधीच येत नसे. आज ठकूबाईने केर काढला म्हणून, उद्या शेजारची शेरडे आत शिरली म्हणून. कुणीतरी दोषी सापडल्याशिवाय त्याचा राग खाली बसत नसे.

येसबाच्या कामाचा अर्धा भार वाहणारा माणूस म्हणजे झिपरू. तो वेशीबाहेर झोपडी बांधून राहत असे. बायको आणि दोन मुली एवढाच त्याचा संसार. रानातला साग तोच निवडून आणी आणि दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीचे दुसरे टोक तोच धरी. बारा वर्षे ते दोघे एका करवतीला समोरासमोर उभे राहिले होते.

एका वर्षी बिबट्या गावात शिरू लागला. वेशीचा दरवाजा कुजून गेला होता. पाटलांनी येसबाला बोलावून सांगितले की महिन्याभरात नवा दरवाजा उभा राहिला पाहिजे.

येसबाच्या मनाने घेतले की या कामाला लाकूड कोरायची साधी पटाशी चालायची नाही. चार दिवसांच्या वाटेवर एक नामांकित लोहार होता. येसबा त्याच्याकडे चालत गेला, तिथे आठवडाभर राहून त्याच्या घराला तुळया बसवून दिल्या, आणि मोबदल्यात एक पोलादी पटाशी घेऊन आला. शिसवी मुठीची, पाण्यासारख्या धारेची. झिपरूने ती एकदा हातात घेतली, तिच्यावर अंगठा अलगद फिरवला आणि असले पोलाद आपण जन्मात पाहिले नाही, असे म्हणून परत दिली.

दोन दिवसांनी ती पटाशी दिसेना.

येसबाने किसात एकदा पाय फिरवला, दोन फळ्या उलटल्या, आणि तेवढ्यावर त्याचे शोधणे संपले. मुदतीतला निम्मा काळ प्रवासातच गेला होता. डोके तापलेले होते. त्याला आठवला तो पटाशीवर फिरलेला झिपरूचा अंगठा.

तो तडक चावडीवर गेला आणि चार लोकांसमोर म्हणाला की झिपरूने माझी पटाशी चोरली.

पाटलांनी विचारले, तू घेताना पाहिलेस का. येसबा म्हणाला की पाहायला कशाला हवे, त्याची नजर मी ओळखली होती. झिपरूला बोलावणे गेले. तो आला. पाठोपाठ त्याच्या मुलीही आल्या. आपण पटाशीला त्या दिवसानंतर हात लावलेला नाही, असे त्याने सांगितले. कुणी मान डोलावली नाही. तो वेशीबाहेरचा माणूस होता, आणि वेशीबाहेरच्या माणसाचा शब्द त्या गावात हलका होता.

तेव्हा झिपरू एवढेच म्हणाला, "सुतारदादा, पडवीत नीट शोधलंत का?"

येसबाने सगळ्यांसमक्ष, त्याच्या मुलींसमक्ष, त्याच्या थोबाडीत मारली.

मग गावातली माणसे झिपरूच्या झोपडीवर गेली. मडकी फुटली. गोधड्या उसवल्या गेल्या. पटाशी मिळाली नाही. पुरून ठेवली असेल, असे येसबा म्हणाला, म्हणून पेटती चूल विझवून तिच्याखालची जमीन खणली. तिथे राखेशिवाय काही नव्हते. तरीही पंचांनी निवाडा दिला की झोपडी मोडावी आणि या माणसाने गावात पाऊल टाकू नये. दोन मुलींना आणि बायकोला घेऊन झिपरू रानात निघून गेला. त्याला कुणी अडवले नाही. ठकूबाई दारात उभी राहून पाहत होती. तीही काही बोलली नाही, आणि याचा तिला पुढे जन्मभर स्वतःचाच राग येत राहिला.

चौथ्या दिवशी येसबा आणखी एक पटाशी आणायला बाजाराच्या गावी गेला. तो वेशीबाहेर पडताच ठकूबाईने पदर खोचला आणि पडवीत शिरली. टोपल्या भरभरून तिने कीस बाहेर काढला. ढलप्या काढल्या. फळ्या भिंतीला लावल्या. एकेक हत्यार पुसून ती अंगणात मांडत गेली. गेल्या पावसाळ्यात चोरीला गेलेली वाकस निघाली. शेजाऱ्याने पळवलेला गुण्या निघाला. दुपारपर्यंत अंगण हत्यारांनी भरले.

शेवटी ती जाळी झटकायला फळीवर चढली. वळचणीत एक पुरचुंडी होती. येसबाच्याच जुन्या धोतराची चिंधी, तेलात भिजवलेली, आणि वर त्याचीच ती दुहेरी गाठ. तशी गाठ घरात दुसरे कुणी मारत नसे. ठकूबाईने ती सोडली. आत पटाशी होती. कुणी हात लावू नये म्हणून त्यानेच ती तिथे जपून ठेवली होती आणि विसरून गेला होता.

तिने ती पुन्हा तशीच बांधली आणि अंगणात, सगळ्या हत्यारांच्या मधोमध ठेवली.

येसबा परतला. त्याने पुरचुंडी पाहिली, गाठ पाहिली, घाईने सोडली, आणि त्याचा चेहरा उजळला. सापडली, सापडली, म्हणत तो हसू लागला.

ते हसणे ऐकून ठकूबाईच्या अंगाची आग झाली.

"पटाशी सापडली," ती म्हणाली. "आता त्या पोरींच्या बापाची अब्रू कुठं शोधायची ते सांगा."

येसबाचे हसू थांबले. तो उंबऱ्यावर बसला. मग त्याला एक वाट सुचली. ती त्याने बायकोला हळू आवाजात सांगितली. झिपरूने पटाशी गुपचूप आणून ठेवली आणि मी त्याला माफ केले, असे गावात सांगू. म्हणजे त्याला परत येता येईल आणि आपलेही नाव राहील.

बाळांनो, चोरीचा आळ घेणे वाईटच. पण ज्याने चोरी केली नाही त्याला चोरीची माफी देणे त्याहून वाईट. ठकूबाईला हे कुणी शिकवावे लागले नव्हते. ती म्हणाली की असा एक शब्द जरी तोंडातून काढलात तर मी ही चिंधी घेऊन चावडीवर उभी राहीन.

येसबा जोंधळ्याचे पोते पाठीवर घेऊन रानात गेला. एका ऐनाच्या झाडाखाली झिपरू पुन्हा कुडाच्या भिंती उभ्या करत होता. येसबाने पोते खाली ठेवले, पटाशी घरातच होती हे सांगितले आणि हात जोडले. कामावर परत ये, म्हणाला.

झिपरूने पोत्याकडे पाहिले नाही. कूड बांधता बांधताच तो बोलला.

"थोबाडीत चारचौघांत मारलीत. माफी रानात एकट्यानं मागायला आलात. सुतारदादा, हे पोतं उचला."

येसबाला तिथेही राग आला. मी एवढ्या लांब चालत आलो, हात जोडले, आणखी काय हवे याला, असे पुटपुटत तो पोते घेऊन परतला. काही माणसांना माफी मागतानासुद्धा समोरच्याने उपकार मानावेत असे वाटते.

इकडे दरवाजा अर्धवट पडून होता. मोठ्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता आणि सागाचे ओंडके आणणारे कुणी नव्हते. त्याच आठवड्यात बिबट्याने पाटलांच्या गोठ्यातली कालवड नेली. गाव चावडीवर जमले आणि येसबाला जाब विचारू लागले. लोक चिडलेले होते. दरवाजा का झाला नाही, असा एकच प्रश्न दहा तोंडांतून आला.

येसबाने खाली मान घालून आधी सागाचे कारण सांगितले. मग दिवस कमी पडल्याचे सांगितले. मागे बायकांच्या घोळक्यात ठकूबाई उभी होती. तिने हातातली तेलकट चिंधी वर धरली नाही, नुसती मुठीत आवळली. येसबाला ती दिसली.

"पटाशी चोरीला गेली नव्हती," तो म्हणाला. "मीच वळचणीत ठेवली होती. झिपरू खरं बोलत होता आणि मी त्याला मारलं."

मग सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. कुणी त्याला खोटारडा म्हटले, कुणी पापी. बयजा नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिने गोंगाट थांबू दिला आणि मग विचारले की येसबाने आळ घेतला हे खरे, पण ती चूल कुणाकुणाच्या कुदळींनी खणली. पाटलांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः रानात गेले आणि झिपरूला चावडीवर यायची विनंती केली. तो आला. सोबत दोन्ही मुलींना घेऊन आला. येसबाने सर्वांदेखत जे घडले ते सांगितले. झिपरूने ऐकून घेतले आणि मुलींना पुढे उभे केले.

"आता यांच्याकडं बघून सांगा," तो म्हणाला. "त्या दिवशी यांनी पाहिलंय."

येसबा त्या पोरींसमोर गुडघ्यांवर बसला. तुमचा बाप चोर नाही, मी खोटे बोललो, हे त्याने सांगितले. धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. थोरलीने तोंड फिरवले.

पाटलांनी झोपडी बांधून देऊ म्हटले, वेशीच्या आत जागा देऊ म्हटले. झिपरूने नकार दिला. त्याने आवाज चढवला नाही, पण त्याच्या आवाजातली धग सगळ्यांना जाणवली. माझा राग गेलेला नाही, तो म्हणाला, जाईल तेव्हा जाईल, पण ज्या गावात माझा शब्द एका पटाशीपेक्षा हलका ठरला तिथे मी करवत धरणार नाही. मग तो बायको आणि मुलींसह नदीपलीकडच्या गावी गेला. तिथल्या लोकांना चांगला साग ओळखणारा माणूस हवाच होता. काही वर्षांत तिथे त्याचे स्वतःचे घर झाले आणि त्याच्या मुलींची लग्ने त्याच घराच्या अंगणात झाली.

येसबाने पडवीच्या भिंतीला खुंट्या ठोकल्या. ठकूबाईने प्रत्येक खुंटीमागे कोळशाने त्या त्या हत्याराची आकृती काढली, म्हणजे एखादे जागेवर नसले तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरावी. जास्तीची हत्यारे त्याने गरजू सुतारांना देऊन टाकली. नवीन हत्यार घ्यायचे तर आधी भिंतीवर त्याची जागा, असा नियम झाला. पण मोठ्या करवतीचे दुसरे टोक धरायला कुणीच राजी होईना. आज करवत धरू, उद्या चोर ठरू, असे माणसे उघड म्हणत. शेवटी ठकूबाईनेच ते टोक धरले. महिन्याभराचा दरवाजा पुरा व्हायला वर्ष लागले, आणि त्या वर्षात बिबट्याने आणखी अकरा जनावरे नेली.

पुढे लांबलांबचे सुतार ती नेटकी पडवी बघायला येत आणि तोंडभरून वाखाणत. येसबा त्यांना थांबवून झिपरूची गोष्ट पहिल्यापासून सांगे, स्वतःचे नाव न वगळता. ऐकणारे खाली बघत. झिपरू मात्र त्या गावच्या वाटेला पुन्हा आला नाही.

तात्पर्य : हरवलेली वस्तू आधी आपल्या पसाऱ्यात शोधावी, घेतलेला आळ मागे घेता येतो, गेलेला माणूस मागे आणता येत नाही.