बसवून ठेवलेला संघ

एकदा एका क्रीडा महाविद्यालयात एक तरुण प्राध्यापिका इंग्रजी शिकवायला लागली. विद्वान खरी, पण डोक्यात राख घालून घ्यायला तिला वेळ लागत नसे. मुली सराव आटोपून घामेजल्या अंगाने तासाला येत आणि ही एकटीच अखंड बोलत राही. प्रश्न विचारला की सगळ्या मिठाची गुळणी धरून बसत. खो-खोची कर्णधार एकदा म्हणालीसुद्धा, की आमच्याकडून काहीतरी करून घ्या, नुसतं ऐकून डोक्यात राहत नाही. प्राध्यापिकेने तिलाच फटकारले. परदेशी पाहुणे तुमचा खेळ पाहायला येतील तेव्हा त्यांच्याशी मीच बोलेन, आणि इंग्रजीत नापास होईल तिला संघात जागा नाही, असे तिने बजावले.

मग ती तणतणत आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली. घडलेले सारे सांगून म्हणाली, "या मुली दगड आहेत, सर."

दुसऱ्या दिवशी गुरूंनी तिला मैदानावर नेले, मुलींच्या ओळीत उकिडवे बसवले आणि कर्णधाराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले.

खेळ सुरू झाला. शेजारच्या मुलींना खो मिळत होता, त्या उठून धावत होत्या. हिच्या पाठीवर मात्र हात पडेना. पायांना मुंग्या आल्या. पळणारी मुलगी अगदी समोरून गेली तेव्हा हिला राहवले नाही, ती उठली. लगेच शिट्टी वाजली, कारण खो मिळाल्याशिवाय उठणे हा नियमभंग.

"माझं हसं करायला आणलंत का मला?" ती संतापाने म्हणाली.

गुरूही तापलेलेच होते. "एक डाव बसलीस तर एवढा राग आला. या मुलींना तू वर्षभर बसवून ठेवलंस. एकटीच धावलीस, खो एकीलाही दिला नाहीस, आणि वर यांनाच दगड म्हणतेस? खेळ त्यांचा आहे. पाहुण्यांना तो समजावण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेताना तुला काहीच कसं वाटलं नाही?"

दुसऱ्याच दिवशी तिने पाहुण्यांचे सगळे काम मुलींवर सोपवले. माहितीपत्रक, स्वागत, समालोचन, सारे इंग्रजीत. अडले की मुली तिच्या खोलीवर येत, शब्दांवरून आपसांत भांडत.

पाहुणे आले. नियम सांगता सांगता कर्णधार मध्येच अडली. प्राध्यापिका अर्धवट उठली, आणि आपल्या पाठीवर कुणाचा हात पडलेला नाही हे ध्यानात येऊन पुन्हा खाली बसली. कर्णधाराने स्वतः ओळीत बसून दाखवले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाक्य पुरे केले. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

प्राध्यापिकेचा राग तेव्हाही गेला नव्हता. फक्त तो आता मुलींवर नव्हता.

खो न देता एकट्याच धावणाऱ्या शिक्षकावर शिट्टी वाजवणारा पंच वर्गात नसतो, म्हणूनच कित्येक वर्ग जन्मभर बसलेलेच राहतात.