हाकेएवढं घर

एका राज्यात, जिथे पाखरांना माणसांची भाषा येत होती, तिथे धैर्यसेन नावाचा राजा होता. पुराने त्याचा राजवाडा नेला आणि राणीही नेली. राजा आणि त्याची लेक कनकलेखा तेवढी वाचली. दोघं तंबूत राहू लागली. खजिन्यातलं बरंचसं धन प्रजेची घरं उभी करण्यात गेलं. उरलं त्यात बसेल तेवढंच घर बांधायचं, असं राजाने ठरवलं.

त्या राज्याची रीत अशी. घरधन्याने चुलीच्या जागी उभं राहायचं, लेकराने दोरी धरून चालत जायचं आणि हाक मारायची. हाक ऐकू येईल तिथवर घर. कनकलेखा तीन दिशांना चालली, तिने तीन हाका मारल्या, तीन खुंट्या ठोकल्या गेल्या. मग पूजा झाली. पूजलेली खुंटी हलवू नये, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं.

पण घर पाहावं बांधून, म्हणतात ते उगीच नाही. पाया भरला आणि ज्याला त्याला काही ना काही सुचू लागलं. आता बांधतोच आहोत, तर सभामंडप हवाच. राजाने हात आखडता घेतला, तोच कालकंटक नावाचा मांत्रिक सोन्याने भरलेला हंडा घेऊन आला.

"सोनं परत मागणार नाही," तो म्हणाला. "खुंटी हलेल तेव्हा घरातलंच काही नेईन."

राजाला वाटलं, नेईल भांडंकुंडं. त्याने पहिली खुंटी हलवली. एका रात्रीत मंडप उभा राहिला. त्यात कुणी बोललं की गोड हसू घुमे, पाहुणे खूष होत. कनकलेखेचं हसू मात्र गेलं. मग माडी हवी झाली. दुसरी खुंटी हलली, माडीची दारं मंजुळ बोलू लागली आणि कनकलेखेची वाचा गेली. राजा दिवसभर बांधकामावर उभा. घर जिच्यासाठी, तिच्याशी दोन शब्द बोलायला त्याला सवड नव्हती. शेवटी चित्रशाळेसाठी तिसरी खुंटीही हलली.

वास्तुशांतीच्या दिवशी कलश घेऊन उंबरठा ओलांडायला राजाने लेकीला हाक मारली. ओ आली नाही. ती चित्रशाळेच्या भिंतीवर रंगांत उभी होती, आणि तिसरी खुंटी तिच्या छातीत रुतली होती.

वळचणीला सुगरण पक्षीण बसली होती. ती म्हणाली, "राजा, मी पिलांच्या मापाने घरटं विणते. तू कुणाच्या मापाने बांधलंस?"

राजाने मान खाली घातली. "उपाय सांग."

"तिन्ही खुंट्या जुन्या खड्ड्यांत ठोक. आपल्या हाताने, सूर्य मावळायच्या आत. नाहीतर ती भिंतीचीच होईल."

पहिली खुंटी निखाऱ्यासारखी तापली होती. राजाचे तळहात पोळले, पण खुंटी जागेवर बसली आणि मंडप चटईसारखा गुंडाळला गेला. दुसरी अख्ख्या माडीएवढी जड होती. ती त्याने पाठीवर वाहून नेली. माडी धुक्यासारखी विरली. तिसरीपुढे कालकंटक आडवा उभा होता.

"ही उपटलीस तर चित्र पुसलं जाईल. राहू दे. ती कधी म्हातारी होणार नाही, कधी सासरी जाणार नाही. महालही तुझाच."

काहीच न उरण्यापेक्षा चित्र तरी राहील, असं क्षणभर राजाच्या मनात आलंच. मग वाटलं, एवढ्या मोठ्या महालात तिने हाक मारली असती, तरी ती आपल्याला ऐकू आली नसती.

"चित्र हाक मारीत नाही," तो म्हणाला, आणि त्याने खुंटी उपटली.

रंग ओघळले. भिंत कोरी झाली आणि मग भिंतही उरली नाही. कनकलेखा कुठेच नव्हती. सूर्य टेकला होता. राजाने धावत जाऊन खुंटी जुन्या खड्ड्यात ठोकली आणि चुलीच्या जागी उभं राहून लेकीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसरी हाक जेमतेम फुटली.

"आले, बाबा."

तिसऱ्या खुंटीपाशी कनकलेखा उभी होती. तिच्या बोटांना अजून रंग लागलेला होता आणि ती हसत होती.

हंड्यातल्या सोन्याचे साधे खडे झाले. कालकंटक आपल्याच हंड्यात ओढला गेला आणि झाकण आपोआप बसलं, ते पुन्हा उघडलं नाही. राजाने उरल्या धनात, आखल्या दोरीत घर पुरं केलं. शेजारचे राजे आले की अंगणात बसत.

त्या घरी जशी हाकेला ओ आली, तशी तुमच्या-आमच्या घरी येवो.