बसलिंगदादाने फोडलेला दात

"अप्पा, काढूनच टाका ना. मेलेला दात सांभाळायचा कशाला?"

अप्पांनी आरशाच्या दांडीने दातावर हलकेच टिचकी मारली. मी खुर्चीतून उसळलो.

"मेलाय ना? मग ओरडला कोण?"

अप्पा पूर्वी शहरात दातांचे डॉक्टर होते. आता आमच्या मठात राहतात, सोमवारी गावाचे दात बघतात.

दात समोरचा. लहानपणी दादाची विटी लागून त्याचा कोपरा उडाला होता. आता हिरडी सुजली होती.

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

"आतली नस सडलीय," अप्पा म्हणाले. "रूट कॅनल करू. नस काढू, मूळ आतून धुऊन भरू, वर कॅप बसवू. दात राहील."

"नस गेल्यावर राहतं काय?"

"मूळ. आणि भाकरी तोडायचं काम."

"मला नको! त्याचं काहीच नको. शर्ट जाळले. सायकल विहिरीत टाकली. खाट फोडून चुलीत घातली. घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं आईला सांगितलंय. आता हा दात तेवढा..."



अप्पा हातातला कापूस दुमडत राहिले.

"खाट गेली. मग आई कुठे बसते?"

"...तिथेच. जमिनीवर."

अप्पांनी स्वतःचा ओठ बोटाने वर केला. बाजूला एक दात नव्हता. शेजारचे दोन्ही दात त्या फटीत कलले होते.

"तुझ्याएवढा होतो. दुखला, तसा रागाने काढून घेतला."

"मग? थांबलं ना दुखणं?"

"थांबलं. पण जीभ अजून तिथेच जाते रे. पन्नास वर्षं झाली."

बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं.

माझी जीभ त्या फुटक्या कोपऱ्यावर होती. कधी गेली, कळलंच नाही.

"दुखेल?" मी विचारलं.

"आधी सुई टोचेल. मग बधिर होईल. तीन-चार खेपा यावं लागेल. मध्येच पळालास, तर पुन्हा सुजेल."

मी आ केला.

सुई टोचली. डोळ्यांतून पाणी आलं, ते सुईचं नव्हतं. अप्पांनी पुसलं नाही. ओठ जड होईपर्यंत खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग दिवा जवळ ओढत म्हणाले,

"दात नाही काढायचा. इथून घरी गेलास की दादाचं नाव काढ."