बिनविशेषणाचं वाक्य

मिरजेत कुंभोजकर सर परदेशी निघालेल्या नर्सेसना परीक्षेचं इंग्रजी शिकवत. रोज वीस भारदस्त विशेषणं पाठ करून यायची. ज्या वाक्यात त्यातलं एकही नाही, त्याला शून्य. आणि सरावात नापास झालेलीच्या परीक्षेच्या फॉर्मवर सर सही करत नसत.

एस्तेर कांबळे आयसीयूतली ड्युटी संपवून थेट क्लासला आली.

"आजचा दिवस कसा गेला, इंग्रजीत सांग," सर म्हणाले.

ती म्हणाली, "आज एक बाई गेली. तिचा हात माझ्या हातात होता."

सरांनी लाल पेनानं शून्य काढलं. "हे बालवाडीचं इंग्रजी झालं. विशेषणाशिवाय ऐकणाऱ्याला काय कळणार?"

एस्तेर खाली बसली नाही. "सर, गेल्या महिन्यात तुमची आई आत होती, तेव्हा आयसीयूच्या दारात तुम्ही मला विचारलंत, 'आई आहे ना?' त्यात विशेषण नव्हतं. मला सगळं कळलं होतं."

सरांनी तिचा फॉर्म मागून घेतला आणि सही केली. मग मान वर न करताच विचारलं, "जाताना आईचा हात कुणी धरला होता का?"

"मी," एस्तेर म्हणाली.