दोन डाव्या बाह्या

भाविकहो, प्रवरेच्या काठी चांदेवाडी नावाचे गाव आहे. तिथे चर्चच्या मागच्या खोलीत शांतवनबाबा राहत असत. अंगात एकच पांढरा झगा, तोही दहा ठिकाणी शिवलेला. त्यामुळे देवाच्या खालोखाल बाबांचा संबंध येई तो शिंप्याशी.

पेठेत मोजेस मास्तराचे शिवणाचे दुकान होते. रविवारी मास्तर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. पण सोमवारी दुकान उघडले की देवाला बाहेर उभे करायचा! गिऱ्हाइकाच्या कापडातला हातभर तुकडा मारल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

त्याच्या हाताखाली सिलास गोर्डे होता. मोठा पापभीरू माणूस. कापडाला कात्री लावण्याआधी डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायचा आणि उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत द्यायचा. मास्तर चारचौघांत म्हणायचा, "आले आमचे प्रेषित! अरे, तू आमेन म्हणेस्तोवर माझी अख्खी विजार शिवून होते." सिलास मान खाली घालून मशीन चालवायचा. राग येत नसे असे नाही, चांगला यायचा. तो सगळा पायडलवर निघायचा.

एकदा गावातल्या जमादारमामांच्या भाच्याचे लग्न ठरले. कोटाचे राखी कापड मामांनी सुरतेहून आणलेले. तसे दुसरे पंचक्रोशीत मिळणार नाही. मास्तराने ते स्वतः कापले आणि बाह्या जोडायला सिलासपुढे टाकल्या. लग्नाच्या दिवशी सकाळी सिलासने बाह्या कोटाला लावून पाहिल्या, पुन्हा उलटून पाहिल्या. दोन्ही बाह्या डाव्या!

शिवणातले जाणकार म्हणतील, हे होईलच कसे? कापड दुहेरी घालून कापले की एक उजवी, एक डावी आपोआप निघते. खरे आहे. पण मास्तराला कापड वाचवायचे होते ना! त्याने ते एकेरी पसरले, जागा सापडेल तिथून एकेक बाही काढली, आणि त्या हावरटपणाच्या भरात गड्याला डावे-उजवे कळले नाही.

तेवढ्यात मामा दारात हजर, आणि त्यांच्यामागून झग्याला ठिगळ लावून घ्यायला बाबा.

मास्तराने क्षणात रंग बदलला. सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा तो ओरडला, "बघा मामा, या सिलासने काय करून ठेवलं! दोन्ही बाह्या डाव्या कापल्या! प्रार्थना करतो म्हणे! चल, उचल चपला, पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस!"

सिलासच्या डोळ्यांपुढे घरातली पाच तोंडे उभी राहिली. "मामा, मी नाही हो कापल्या," एवढेच तो बोलला.

मामा गरजले, "कोणी का कापेना! चार वाजता लग्न आहे. पोरगा काय एक हात खिशात घालून उभा राहणार?"

बाबा म्हणाले, "प्रार्थना करू या."

मास्तर फिसकन हसला. "बाबा, प्रार्थनेने बाही उगवते का?"

"उगवत नाही रे. पण शोधायला तर सांगू."

सगळ्यांनी डोळे मिटले. बाबा म्हणाले, "हे प्रभो, याच दुकानात एका बाहीपुरतं कापड कुठे असलं तर दाखव, आणि या गरिबाची लाज राख." आणि काय सांगावे! आढ्यावरून तांबड्या मुंग्यांची रांग उतरली. दुकानात गूळ नाही, साखर नाही. ती रांग सिलासच्या पायाला वळसा घालून गेली, मामांचे बूट सोडून गेली आणि थेट मास्तराच्या पायजम्यात शिरली.

"अगं आई गं! मेलो, मेलो!" मास्तर बाकावर चढला, बाकावरून टेबलावर, आणि मुंग्या छातीपर्यंत चढल्या तसा नाचता नाचता त्याने सदरा ओरबाडून फेकला. आत काय? कोणाला दिसू नये म्हणून सदऱ्याखाली चढवलेली, सुरती राखी कापडाची नवी कोरी बंडी!

बाबांनी सावकाश आमेन म्हटले. मामा एकच शब्द बोलले, "काढ."

सिलासने बंडी उसवली, डोळे मिटले, कात्री चालवली. बंडीच्या पाठीतून उजवी बाही नेमकी निघाली. कोणी म्हणते, मुंग्या काय, कुठेही असतात. असतील बापड्या! पण चौघांतून एकालाच निवडून चावणाऱ्या मुंग्या मी तरी पाहिल्या नाहीत.

तीन वाजेपर्यंत कोट जवळजवळ शिवून झाला, काजं-बटणं तेवढी उरली. अंगभर गांधी उठलेला मास्तर बाबांच्या पायांवर पडला. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडणं सोपं आहे, मोजेस. सकाळी सिलासचं नाव सगळ्या पेठेला ऐकवलंस ना? आता तुझं ऐकव."

मास्तर पायरीवर गेला. पहिल्यांदा पुटपुटला. बाबा म्हणाले, "ऐकू नाही आलं." दुसऱ्यांदा तो खाकरला, आणि मग डोळ्यांत पाणी आणून ओरडला, "बाह्या मी कापल्या! कापड मी चोरलं! सिलासने नाही!"

समोरचा कासार हातातल्या बांगड्या विसरून पाहतच राहिला. मास्तर आत आला आणि सिलासपुढे वाकला. "अहो मास्तर, काय हे!" म्हणत सिलासही घाईने वाकला, आणि दोघांची डोकी खाडकन आपटली. मास्तर तसाच खाली बसून रडू लागला.

सिलास कपाळ चोळत म्हणाला, "मास्तर, उठा बघू. काजं तुम्ही करा, मी बटणं लावतो. चार वाजता लग्न लागायचंय."