हाकेच्या पुढे गेलेली गोळी

एका राज्यात गोळी हळू चालत असे. हसू नका, खरं तेच सांगतो. तिथली बंदूक लहान, काडतूस करंगळीएवढं, आणि त्यातून सुटलेली गोळी माणसाच्या हाकेच्या मागून जात असे. हाक पुढे, गोळी मागे. वाडवडिलांनी काडतुसात दारूच बेताची भरायची ठरवली होती, आणि त्याला कारण होतं.

राजधानीबाहेर एक माळ होता. माळाच्या एका टोकाला नेमबाज उभा राही, दुसऱ्या टोकाला कवठाचं झाड. दर पुनवेला सकाळी त्या झाडाच्या फांदीला सुतळीनं एकेक कवठ टांगत. ते टांगायला तिथं एक बाई असे, तिला कवठकरीण म्हणत. नेमबाज "बाजूला हो" अशी हाक घाली आणि त्याच श्वासात चाप ओढी. हाक बाईपर्यंत पोचे, बाई शेजारच्या मोठ्या दगडाआड बसे, मग सावकाश गोळी येई आणि कवठ खाली पडे. पडलेलं कवठ नेमबाजाच्या घरी जाई, त्याची गूळ घालून चटणी होई. 'हाक आणि चाप एका श्वासात' हा तिथला नियम. पोरांना तो पाढ्यांच्या आधी शिकवत.

त्या काळी कवठकरीण होती यमुनाक्का. तिचा धाकटा भाऊ सिदोजी राजाची काडतुसं भरत असे. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा अक्कानंच त्याला वाढवलं. दारू मापायलाही तिनंच शिकवलं. बाई तोंडानं तिखट होती. कुणाचा नेम हुकला की दगडाआडून विचारायची, कवठ पाडायला आलात की त्याला ओवाळायला? राजालाही सोडायची नाही.

आणि राजाचा नेम हुकायचा फार. राजा पुरंजय दहा बार काढी, त्यात चार कवठं पडत. उरलेल्या सहांचा दोष काडतुसाचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! त्यात बातमी आली, की शेजारच्या राजाकडे आपल्यापेक्षा वेगवान काडतूस निघालं आहे. झालं. राजाचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांच्याकडे आहे, मग आपल्याकडे का नाही?

अरे बाबांनो, पण कवठ काय पळून चाललं होतं? सुतळीला टांगलेलं फळ ते! एवढा एक प्रश्न भर दरबारात कुणी विचारला असता, तर ही गोष्ट इथंच आटोपली असती. कुणी विचारला नाही. मीही नाही. मी त्या गर्दीत उभा राहून 'वाहवा' म्हणत होतो, आणि आज सांगताना मान वर होत नाही.

राजानं झपाटनाथ नावाच्या मायावी पुरुषाला बोलावलं. त्यानं पहिल्या दिवशी काळी दारू दिली. सिदोजीनं ती भरली, गोळी घोड्याच्या वेगानं गेली, कवठाची दोन शकलं झाली. राजा म्हणाला, आणखी. दुसऱ्या दिवशी त्यानं तांबडी दारू दिली. गोळी ससाण्याच्या वेगानं गेली, कवठाचा चुरा झाला. राजा म्हणाला, आणखी. तिसऱ्या दिवशी झपाटनाथानं पांढरी दारू दिली. किंमत विचारली तेव्हा म्हणाला, वेगाची किंमत वेगच वसूल करून घेतो, मला काही नको. आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या दोन दिवसांत राजाची कवठं पडली दहांत चारच.

पांढऱ्या दारूची पारख करायला सिदोजी स्वतः दगडाआड जाऊन बसला आणि झपाटनाथानं बार काढला. आधी कवठ फुटलं. त्याचा गर सिदोजीच्या गालावर उडाला. मग त्याला हाक ऐकू आली, "बाजूला हो."

सिदोजी समजला. लहानपणापासून दारू मापणारा माणूस, त्याला समजायला कितीसा वेळ लागणार? तो गाल न पुसताच राजवाड्यात गेला, राजाला सांगायला. पण त्यानं तोंड उघडायच्या आत राजानं त्याच्या डोक्यावर जरीचा मंदील ठेवला. राज्यातला सर्वांत वेगवान हात हाच, असं सगळ्यांसमोर म्हणाला. सिदोजीनं उघडलेलं तोंड मिटलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणत तो घरी आला. अक्कानं मंदील पाहिला, त्याची अलाबला घेतली आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. तेव्हाही तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुनव होती. नव्या काडतुसाचा पुनवेचा पहिला बार भरणाऱ्यानंच काढायचा, अशी तिथली रीत. सगळं नगर माळावर लोटलं होतं. पलीकडे अक्का हात उंचावून सुतळीची गाठ मारत होती. सिदोजीच्या मनात आलं, आधी हाक घालावी, ती दगडाआड गेलेली दिसली की मगच चाप ओढावा. पण नियम एका श्वासाचा. थांबलो तर लोक म्हणतील, याचा याच्याच काडतुसावर भरवसा नाही. डोक्यावर मंदील होता. त्यानं हाक घातली आणि त्याच श्वासात चाप ओढला.

गोळी हाकेला मागे टाकून गेली. यमुनाक्काला ती लागली आणि बाई उभ्याउभ्या दगड झाली, हात तसाच वर, बोटांत सुतळी. हाक मागून पोचली. तिनं ते पाहिलं आणि शरमून ती माळावरून निघून गेली.

राजा पालखीत बसला. आम्ही सगळे घरी गेलो आणि दारं लावून घेतली. त्या दिवसापासून राज्यात एकही हाक वेळेवर पोचेना. दूध उतू गेल्यावर 'दूध बघ' ऐकू येई. पोर विहिरीत पडल्यावर 'सांभाळ' ऐकू येई. अशी तीन पोरं गेली.

सिदोजी त्या दगडी पायांशी बसून होता. तिथं एक टिटवी आली. त्या राज्यात टिटव्या बोलत, पण कुणी विचारलं तरच. सिदोजीनं विचारलं, "माझी अक्का परत कशी येईल?"

टिटवी म्हणाली, "तिची हाक तिला मिळाली नाही. ती आणून दे."

मग तिनं सगळं सांगितलं. हाक उशिराच्या खोऱ्यात जाऊन बसली आहे. तिथं पायी जायचं, घोडा नाही, गाडी नाही. वाटेत तीन दारं लागतील, त्यांना खरं उत्तर द्यायचं. आणि परतताना हाक तोंडात धरून आणायची. माळावर पोचेपर्यंत दुसरा एक शब्द उच्चारला तरी हाक सांडेल आणि पुन्हा मिळणार नाही.

सिदोजीनं मंदील तिथंच ठेवला आणि निघाला. चालत गेला. पायांना फोड आले, फुटले, पुन्हा आले.

पहिलं दार लाकडाचं होतं. त्यानं विचारलं, "कवठ पळत होतं काय?"

"नव्हतं," सिदोजी म्हणाला. दार उघडलं.

दुसरं दार तांब्याचं होतं. त्यानं विचारलं, "जुनी गोळी नेम चुकवीत होती काय?"

सिदोजी म्हणाला, "गोळी चुकवत नव्हती. हात कापत होते, आणि हाताला कुणी दोष देत नव्हतं." तेही उघडलं.

तिसरं दार दगडाचं होतं. त्यानं विचारलं, "तुला ठाऊक होतं काय?"

इथं सिदोजी अडला. राजाचा हुकूम होता, असं त्यानं सांगून पाहिलं. दार हललं नाही. दारू मायावी होती, म्हणाला. दार हललं नाही. नियमच तसा होता, म्हणाला. ते मात्र खरं होतं, तरीही दार हललं नाही. तीन दिवस तो उंबऱ्यापाशी बसून राहिला. गालावर कवठाचा गर वाळून चिकटला होता, तो अजून तसाच होता. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे उघडे ठेववेनात. मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "होतं. आदल्या दिवसापासून ठाऊक होतं." दार उघडलं.

खोऱ्यात उशिरा पोचलेल्या हाका बसल्या होत्या, बाजार उठल्यावर माणसं बसतात तशा. त्यांत त्याची हाक होती, गुडघ्यांत तोंड घालून. ती म्हणाली, "मी धावले होते. तूच मला मागे टाकलंस." सिदोजीनं तिच्यापुढे जमिनीवर डोकं टेकवलं. मग तिला उचलून जिभेखाली धरलं आणि ओठ मिटले.

परतीची वाट जास्त कठीण गेली. वेशीवर लोक जमले होते. कुणी त्याला बहिणीचा खुनी म्हणालं, कुणी थुंकलं. एका बाईनं, जिचं पोर विहिरीत गेलं होतं, त्याच्यासमोर उभं राहून नुसतं विचारलं, का रे? तोंडात हाक होती; तो चालत राहिला. पुढे राजाची पालखी आडवी आली. राजा उतरला, दोन पावलं जवळ आला आणि हळूच म्हणाला, "शेजाऱ्याकडे याहून वेगवान निघालं आहे म्हणतात. आपल्याला भरता येईल?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर हाक सांडली असती. सिदोजीनं राजाचा हात धरला आणि त्याला माळावर, त्या उंचावलेल्या दगडी हातापर्यंत ओढत नेलं. राजानं ते पहिल्यांदाच जवळून पाहिलं. बोटांतली सुतळी पाहिली. मग तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सिदोजी राजाला तिथंच सोडून माळाच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथून बार काढला होता तिथं उभा राहिला आणि त्यानं हाक घातली, "अक्का, बाजूला हो!"

आणि थांबला. सगळं नगर थांबलं. हाक माळावरून आपल्या चालीनं गेली, पोचली. दगडी हात खाली आला. यमुनाक्का लगबगीनं दगडाआड गेली, आणि तिथून तिचा आवाज आला, "झाले! मार!"

कुणी काही मारलं नाही. सिदोजी धावत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला. ती म्हणाली, "आज हाक फार उशिरा आली रे. का?"

सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "अक्का, मला ठाऊक होतं. मंदिलासाठी बोललो नाही."

यमुनाक्कानं टोमणा मारला नाही. पदराचं टोक ओलं करून त्याच्या गालावरचा वाळलेला गर पुसला आणि ती घरी गेली.

त्या दिवसापासून हाका पुन्हा वेळेवर पोचू लागल्या. पांढरी, तांबडी, काळी, सगळी दारू राजानं स्वतःच्या हातानं नदीत सोडली. झपाटनाथ शेजारच्या राज्यात गेला, तिथं त्याला काम पुष्कळ आहे. नियम बदलला: हाक घालायची, 'झाले' ऐकायचं, मगच चाप. राजाची दहांत अजूनही चारच पडतात, पण पडलेल्या कवठांची आता पुन्हा चटणी होते.

यमुनाक्का पुन्हा झाडापाशी उभी असते. राजा हाक घालतो, मी घालतो, पोरंसोरं घालतात. ती हाक ऐकून आरामात दगडाआड जाते आणि वर टोमणाही मारते. फक्त सिदोजी बंदूक उचलतो, तेव्हा ती त्याच्या हाकेची वाट पाहत नाही. आधीच जाऊन बसते. सिदोजीला ते दिसतं. तरीही तो हाक घालतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि मगच चाप ओढतो.