गुण अठरा ते छत्तीस

घाटाखालच्या एका गावात दिगू नावाचा भोळा प्रोग्रामर होता. सांगितलं तेवढंच करायचा, पण जीव लावून करायचा. त्याला हेडसरांची मंजिरी आवडायची. तिलाही तो आवडायचा. तिचं काय चुकलं कोण जाणे.

एकदा शाळेत एका बाईंनी अठ्ठ्याहत्तरऐवजी सातशे ऐंशी गुण टाकले. हेडसर म्हणाले, "दिगू, गुण म्हणजे शून्य ते शंभर. बाहेरचा आकडा आत शिरताच कामा नये."

दिगूने 'गुण' नावाचा साचा केला. साच्यात न बसणारा आकडा कॉम्प्युटर घेईचना. हेडसर खूश झाले.

"वार्षिक निकाल बिनचूक लाव, मग मंजिरीचं बोलू."

तिथून दिगू डेअरीत गेला. दुधाच्या फॅटलाही त्याने शून्य ते शंभरच ठेवलं. एका म्हशीची फॅट सत्तर लागली.

"अरे, म्हैस दूध देते की तूप?" चेअरमन म्हणाले. "तीन ते दहा कर."

दिगूने पुढच्या खिडकीवर केलं, मागच्या खिडकीवर राहिलं. चेअरमन करवादले, "एका नावाला दोन साचे कशाला? एकच ठेव. बदलला की सगळीकडे बदलला पाहिजे."

हेही दिगूने मनावर घेतलं.

मग वधूवर केंद्राच्या आवडीकाकूंनी त्याला बोलावलं. "मला गुण टाकायचेत."

"तयार आहेत, काकू. शून्य ते शंभर."

"शाळेचे नव्हेत रे, पत्रिकेचे. अठरा ते छत्तीस. अठराच्या खाली मी लग्न जुळवत नाही."

दिगूने विचार केला. नाव तेच, गुण. म्हणजे साचा एकच. त्याने तो बदलला आणि सगळीकडे बदलला.

निकालाच्या दिवशी शाळेतली हुशार पोरं ढसाढसा रडत होती. चौऱ्याण्णववालीला कॉम्प्युटर आत घेईना. छत्तीसवाला गोट्या शाळेत पहिला आला. सहावीतलं पोर ते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा होता, 'उत्तम. विवाहास हरकत नाही.'

हेडसर तरातरा दिगूकडे आले.

"यापुढे तुझा नि माझा छत्तीसचा आकडा."

दिगूला भरून आलं. साच्यात बसणारा सगळ्यात मोठा आकडा, आणि तोही सरांच्या तोंडून. तो धावत घरी गेला.

"आई, गुण जुळले. छत्तीसच्या छत्तीस. बँडवाल्याला सांगून ठेव."

आईने डोळ्यांना पदर लावला. "देव पावला. मंजिरीशी ना रे?"

"नाही गं," दिगू म्हणाला. "हेडसरांशी."